अंगणात फुलांचं एकच लहान झाड लावायचंय, समुद्र जवळ आहे

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात किनाऱ्याजवळ माझं माहेर आहे. कौलारू घर, पुढे चिऱ्याच्या गडग्याने बांधलेलं अंगण, मागे माड-पोफळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अंगणाच्या पश्चिमेचा जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. तेव्हापासून ती बाजू उघडी आहे आणि दुपारनंतरचं ऊन थेट पडवीत येतं. आईबाबा दोघंच तिथे राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढे. मी महिना-दोन महिन्यांतून जाते.

आता तिथे फुलांचं एक झाड लावायचं ठरतंय. जागा अंदाजे वीस फूट बाय पंधरा फूट. एका बाजूला बारा फुटांवर विहीर, दुसऱ्या बाजूने विजेची तार घराकडे आलेली. त्यामुळे आंब्याएवढं मोठं झाड पुन्हा नको. दोन-तीन माणसं उंच, फार तर कौलांच्या वर थोडं डोकावेल इतपत. आईला देवासाठी फुलं हवीत. बाबांची अट एकच, पन्हळीत पालापाचोळा तुंबता कामा नये, कारण शिडीवर चढून तो काढणारं आता घरात कोणी नाही.

काय लावू? तामण, बहावा, सोनचाफा, प्राजक्त अशी नावं घरात निघाली आहेत. प्रत्येकाचा कौल वेगळा.

जारूळप्रेमी

तामण. दुसरा विचार करू नका. आपलं राज्यपुष्प आहे, कोकणातल्या ओढ्याकाठी आपसूक वाढतं. एप्रिल-मे महिन्यात सगळं रान करपलेलं असताना ते जांभळे झुपके पाहिले की डोळे निवतात. महाराष्ट्र दिनाच्या आसपास ऐन भरात असतं. बी सहज रुजतं, पाणी मिळालं तर रोप जोमाने वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात तेही देखणं दिसतं. आमच्या चिपळूणच्या घरासमोर एक आहे. येणारा-जाणारा थांबून नाव विचारतो, आणि राज्यपुष्प म्हटलं की बहुतेकांना ते पहिल्यांदाच कळतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

गडग्याकाठी

ताई, झाडाचं नाव ठरवण्याआधी जागेबद्दल थोडं सांगा. मी तीस वर्षं कोकणातल्या वाड्या-बागांचंच काम करतोय. लोक आधी फूल निवडतात आणि मग ते झाड जागेत बसवायला बघतात. दोन उन्हाळ्यांत रोप जातं आणि दोष मातीला देतात.

समुद्र किती लांब? मध्ये सुरूचं बन किंवा माडांची रांग आहे का, की वारा थेट अंगणात येतो? आंबा पडला तिथे माती किती आहे, की हातभर खाली कातळ लागतो? पावसात तिथे पाणी साचतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मे महिन्यात विहिरीचं पाणी गोडं राहतं की मचूळ होतं?

जारूळप्रेमी, तामण सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्हीच म्हणालात, ते ओढ्याकाठी वाढतं. त्याला पायाखाली ओल लागते. चिपळूणला, डोंगराच्या पायथ्याशी ती मिळते. किनाऱ्यावरच्या उघड्या अंगणात मे महिन्यात काय होईल ते आधी बघू.

खळ्यातलो

तुमी कोणी सुरंगीचा नाव घेतलास नाय, ह्याचा माका वायट वाटला.

आमच्याकडे वेंगुर्ला-सावंतवाडी भागात फेब्रुवारी लागला की पहाटे सुरंगीखाली माणसं दिसायला लागतात. कळ्या उमलायच्या आधी काढायच्या, म्हणून उजाडायच्या आत. फुलं फांदीवर, अगदी जुन्या लाकडावरही लगडतात. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा गोंडा. वळेसर, म्हणजे गजरा, डोक्यात माळला तर सुकल्यावरही वास जात नाही. बाजारात त्या दिवसांत बायका फक्त सुरंगीचे वळेसर घेऊन बसलेल्या असतात, आणि सुकवलेल्या कळ्यांनाही व्यापारी येतो. आमच्या खळ्याच्या कडेला आजीने लावलेली आहे. बारा महिने हिरवीगार, दाट सावली, वादळात फांदीही मोडली नाही. आणि हे झाड आपल्या पश्चिम घाटाचंच, जगात इतरत्र रानात सापडत नाही. कोकणातल्या माणसाने ते लावायचं नाही तर कोणी लावायचं?

रानफुलं

खळ्यातलो यांच्याशी मनापासून सहमत. सुरंगी लावली गेली पाहिजे. पण इथे दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे ती फार सावकाश वाढते. बियांपासून केलेल्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं जातात. दुसरं, सुरंगीत काही झाडं नुसती नर असतात, काहींवर द्विलिंगी फुलं येतात. फळं धरावीत, पुढे रोपं व्हावीत असं वाटत असेल तर कोणत्या झाडाचं बी किंवा कलम घेतलं ते बघावं लागतं. फुलांसाठी कोणतीही चालते. शिवाय वय झालं की ती चांगली चाळीस फूट जाते. तार आणि कौलं लक्षात घेता अंगणापेक्षा परसाच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या आडोशाला लावा असं मी म्हणेन.

मला आणखी एक नाव सुचवायचं आहे, ते या धाग्यावर अजून आलेलं नाही. अंजनी. काही ठिकाणी लोखंडी म्हणतात, कारण लाकूड कमालीचं टणक. महाबळेश्वरला ज्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाहिली असेल त्यांना सांगायला नको. फांदीभर निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके, झाडाला कुणी निळा रंग फासल्यासारखं. कातळावर उघड्यावर उगवली तर ती बुटकीच राहते, पान चिवट, सदाहरित. फक्त रोप मिळवणं कठीण आहे, साध्या नर्सरीत नसतं. रानातून रोप उपटून आणू नका, ते जगतही नाही. बी गोळा करून एखाद्या माहीतगाराकडून रुजवून घ्यावं लागतं.

दीपमाळ

बहाव्याबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे दोन आहेत. मे महिन्यात पिवळ्या घोसांनी झाड भरतं तेव्हा एक पान दिसत नाही. पाणी कमी लागतं, कातळातही धरतं. पण बाबांची पन्हळीची अट असेल तर बहावा घराजवळ नको. पाकळ्या झडायला लागल्या की खाली पिवळा सडा पडतो. अंगणात तो छान दिसतो, कौलांवर मात्र त्या पाकळ्या सुकून पन्हळीच्या तोंडाशी गोळा होतात आणि लगेच मिरगाचा पाऊस येतो. शिवाय हात-दीड हात लांबीच्या त्या काळ्या शेंगा वर्षभर लटकत राहतात आणि वाऱ्यात एकमेकींवर खडखडतात.

पावसाळ्यात बहाव्याची कोवळी पालवी अळ्या फस्त करतात. त्या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, झाडाचं काही बिघडत नाही, पुन्हा पालवी येते. कृपया फवारणी करू नका. आमच्याकडे श्रावणात त्या फुलपाखरांचे थवे असतात ते याच झाडामुळे.

माहेरवाशीण

सगळ्यांचे खूप आभार. फोनवर बाबांना एकेक प्रश्न विचारून उत्तरं घेतली.

समुद्र सरळ रेषेत अर्ध्या किलोमीटरच्या आत. पूर्वी मध्ये माड होते, त्यातले बरेच निसर्गमध्ये गेले, उरलेल्यांपैकी काही पुढच्या वर्षी तौक्तेच्या वाऱ्यात मोडले. त्यामुळे वारा आता थेट येतो. जांभी माती, दोन-अडीच फुटांखाली कातळ. पण आंब्याची मुळं उपटली तिथे मोठा खड्डा झाला होता, तो भरून घेतला आहे, म्हणजे तिथे माती जास्त खोल आहे. पाणी साचत नाही, उतार आहे. आणि विहीर मे महिन्यात तळाला जाते, शेवटचे काही आठवडे पाणी मचूळ होतं. पिण्याचं पाणी तेव्हा नळाचं येतं, तेही दिवसाआड.

निसर्गनंतर जे काही उभं राहिलं होतं त्याचीही पानं दोन दिवसांत तपकिरी होऊन करपली होती, असं आई सांगते. खाऱ्या वाऱ्याने होतं का असं?

गडग्याकाठी

हो, तो खारेपणाच. वादळात समुद्राचं पाणी तुषार होऊन आत येतं, पानावर बसतं, आणि मागून पाऊस पुरेसा पडला नाही तर मीठ पान जाळतं. रोजच्या वाऱ्यातही हे थोडं थोडं होत असतं. पावसाळ्यात धुऊन जातं, पण फेब्रुवारी ते मे धुवायला पाऊस नसतो. किनाऱ्याजवळच्या झाडांची समुद्राकडची बाजू खुरटलेली आणि गावाकडची बाजू भरलेली दिसते ती यामुळेच.

तुमच्या उत्तरांनी बराच उलगडा झाला. उघडा खारा वारा आणि मे महिन्यात मचूळ पाणी या दोन गोष्टींनी अर्धी यादी गळते.

तामण इथे जगेल, पण हालात जगेल. ऐन फुलायच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्येच, त्याला पाणी हवं असतं आणि तेव्हाच तुमच्याकडे ते नाही. सोनचाफ्याचं तेच, त्याचं मोठं मऊ पान खाऱ्या वाऱ्याला टिकत नाही. कलमी सोनचाफा एक-दोन वर्षांत फुलायला लागतो आणि छाटणीने आटोक्यात राहतो हे खरं. सिंधुदुर्गात वेलणकर जातीची कलमं त्यासाठीच लोक नेतात. पण तो घराच्या पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला आणि जवळ न्हाणीचं सांडपाणी असेल तिथे लावा. तिथे तो आनंदाने वाढेल.

अनंताचंही नाव कुणीतरी घेईलच म्हणून सांगतो. आपली जांभी माती आम्लधर्मी, अनंताला ती मानवते, म्हणूनच कोकणात तो इतका छान येतो. पण मचूळ पाणी घातलं की पानं पिवळी पडतात आणि कळ्या न उमलता गळतात.

तुमच्या जागेला मला दोनच नावं खात्रीने सांगता येतील. पांढरा देवचाफा आणि बकुळ.

जारूळप्रेमी

गडग्याकाठी काका, पटलं. पाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण देवचाफा? तो तर देवळाच्या आवारात नाहीतर स्मशानाच्या वाटेवर असतो. आमच्याकडे जुनी माणसं दारात लावू देत नाहीत.

खळ्यातलो

आमच्याकडे उलट. देवळातलो चाफो म्हणजे देवाचो. घरासमोर पण आसा कित्येकांच्या.

दीपमाळ

हा समज मीही ऐकला आहे, पण गावोगाव वेगवेगळा. देवळांजवळ चाफा दिसतो कारण तिथे कुणी पाणी घालत नसतानाही तो जगतो आणि फुलं देत राहतो. ज्या झाडाची फुलं रोज शंकराच्या पिंडीवर वाहतात ते दारात नको म्हणण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. आईबाबांना चालत असेल तर बाकीच्यांचं ऐकू नका.

रानफुलं

मी चाफ्याला विरोध करणार नाही, पण एक नोंद हवी. देवचाफा मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातला. आपल्याकडे शतकानुशतकं आहे, देवधर्मात मिसळून गेला आहे, रानात पसरून कुणाची जागा बळकावत नाही, हे सगळं मान्य. पण तो पक्ष्यांना-फुलपाखरांना फारसं काही देत नाही. त्याच्या फुलात मध नसतो. बकुळ मात्र इथली. फुलांवर मधमाश्या, पिकलेल्या शेंदरी फळांवर पक्षी आणि रात्री वटवाघळं. गावाकडे पोरं ती ओवळं खातात, थोडी तुरट लागतात.

बकुळीचं लाकूड जड आणि चिवट, मुळं खोल, पान जाडसर आणि चकचकीत. खारा वारा सहन करते. पानगळ एकदम होत नाही, वर्षभर थोडी थोडी. बाबांची अट ती पाळेल. फूल इवलंसं, झाडावर दिसतही नाही, पण पहाटे खाली पडलेली वेचून सुईदोऱ्यात ओवली की आठवड्यानंतरही पुस्तकात वास राहतो. आईंना देवासाठी याहून चांगलं काय?

माहेरवाशीण

बकुळीचं नाव आईने फोनवर ऐकल्या ऐकल्या हो म्हटलं. तिच्या माहेरी होती. पण वाढायला किती वर्षं लागतील? खरं सांगायचं तर आईबाबांना फुलं बघायला मिळावीत, हा यातला सगळ्यात मोठा भाग आहे माझ्यासाठी. मी माझ्या म्हातारपणासाठी झाड लावत नाहीये.

गडग्याकाठी

ताई, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. हाच प्रश्न खरा आहे आणि तो लोक विचारत नाहीत.

बकुळ सावकाश वाढते. बियांचं रोप लावलंत तर पहिली फुलं यायला पाच-सात वर्षं किंवा जास्तही. कलमी रोप मिळालं तर लवकर, पण सावली पडण्याएवढी व्हायला दहा वर्षं धरा. देवचाफ्याची अंगठ्याएवढी जाड फांदी लावली तर पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फुलं येतात. मी लावलेल्या फांद्यांना त्याच वर्षीही तुरा आलेला आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पश्चिमेच्या उघड्या अंगणात, विहीर आणि तार यांपासून लांब, कौलांपासून दहा-बारा फुटांवर पांढरा देवचाफा लावा. आणि जिथे आंब्याचा खड्डा भरला आहे, जिथे माती खोल आहे, तिथे त्याच पावसात बकुळीचं रोप लावून ठेवा. चाफा पसरट होतो, पंधरा-अठरा फुटांच्या वर सहसा जात नाही, आणि छाटणीला कुरकुर करत नाही. बकुळ त्याच्या मागून हळूहळू वर येईल. पुढे दाटी वाटली तर चाफ्याच्या फांद्या उतरवता येतात. त्या फांद्या शेजारीपाजारी लावायला न्यायला टपलेले असतात.

चाफ्यातही दोन प्रकार बघा. टोकदार पानांचा, थंडीत पूर्ण निष्पर्ण होणारा एक. दुसरा गोलसर टोकाच्या, गडद हिरव्या चकचकीत पानांचा, तो बराचसा हिरवा राहतो आणि जवळजवळ वर्षभर फुलतो. तुमच्यासाठी दुसरा. उन्हाळ्यात पडवीला थोडीफार सावलीही देईल. पान मोठं असल्याने ते पन्हळीत शिरत नाही, अंगणात हाताने उचलता येतं.

दीपमाळ

चाफ्याच्या दोन-तीन कटकटीही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर घाबरायला नको. पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा. पानं गळतात. ती गोळा करून जाळा किंवा पुरा, झाडाखाली ठेवू नका, पुढच्या मोसमात नवी पालवी येते. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, डोळ्यात जाऊ देऊ नये, अंगाला लागल्यास काहींना खाज येते. आणि लाकूड ठिसूळ आहे, वाऱ्यात एखादी फांदी जाणारच. म्हणून कौलांपासून लांब लावायचा हा मुद्दा लक्षात ठेवा.

नवी_वाडी

मी वाचकच आहे, पण एक विचारते. आमच्या गुहागरच्या घराला कुंपणाशी पिवळी कण्हेर आहे, वारा-पाणी काहीच लागत नाही, बारमाही फुलं. ताईंना ती का नको? पांढरा कांचन आणि कुंती यांचंही सांगा ना.

रानफुलं

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आणि साधी लाल-पांढरी कण्हेर, दोन्ही विषारी. बिट्टीच्या बिया तर हृदयावर परिणाम करतात, त्या खाऊन माणसं दगावली आहेत. नातवंडं अंगणात खेळायला येणार असतील किंवा शेजारच्या शेळ्या आत शिरत असतील तर मी लावा म्हणणार नाही. तुमच्याकडे आधीच असेल तर काढून टाका असं नाही, पण मुलांना ओळख करून द्या आणि छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नका.

पांढरा कांचन माणसापेक्षा थोडा उंच होतो, पावसाळाभर फुलतो, लहान अंगणाला फारच छान. पण सुवास बेताचा आणि खाऱ्या वाऱ्यात पान करपतं. कुंतीही तशीच, आडोशाला चांगली. पाऊस झाला की दोन-चार दिवसांत सगळं झुडूप पांढरं होतं आणि रात्री घरभर वास येतो. मात्र आजूबाजूला लिंबाची झाडं असतील तर जरा विचार करा. लिंबूवर्गीयांना छळणारी सिला कीड कुंतीवरही पोसली जाते.

प्राजक्ताबद्दल अजून कोणी बोललंच नाही. मूळ प्रश्नात नाव होतं.

खळ्यातलो

प्राजक्त घराच्या मागल्या दाराक लावा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी सडा. देवाक पडलेली फुलां चालतत, ती ह्याचीच. पण समुद्राच्या तोंडार नको, आणि पाणी साचता थंय तर अजिबात नको.

गडग्याकाठी

बरोबर. त्यात एक भर घालतो. प्राजक्ताची फुलं नव्या फांद्यांवर येतात, म्हणून बहर संपला की छाटणी करायची. ती केली नाही तर झाड किडकिडीत उंच होतं. त्यावर केसाळ सुरवंट येतात, सकाळी फुलं वेचताना मानेवर पडला तर दिवस वाईट जातो. आईंच्या वयाला रोज वाकून वेचणं झेपेल का तेही बघा. देवचाफ्याची फुलं हाताच्या उंचीवर मिळतात.

सावलीत_बसलेला

गुलमोहर कोणी सुचवला नाही याचं बरं वाटलं. मादागास्करहून आलेलं झाड, दिसतं भडक, पण मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. आमच्या श्रीवर्धनच्या आळीत निसर्गमध्ये रस्ते अडले त्यात गुलमोहर आणि पेल्टोफोरम, म्हणजे पिवळा गुलमोहर, बरेच होते. घराजवळ लावूच नये.

किनाऱ्याकडच्या गडग्याला लागून भेंडाची रांग लावता आली तर बघा. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक वाडीच्या कुंपणाला भेंड असायचा. पिवळी फुलं संध्याकाळी तांबूस होतात. मीठ, वाळू, वारा, सगळं अंगावर घेतो. खुंट पुरले तरी जगतो. त्याच्या आडोशाने आतली झाडं सुखाने वाढतील, आणि तुमची बकुळही.

माहेरवाशीण

भेंडाची कल्पना बाबांना एकदम आवडली. म्हणाले, लहानपणी त्याच्या पानाची पिपाणी करायचो.

तर ठरलं. पुढे चाफा, आंब्याच्या जागी बकुळ, गडग्याला भेंडाचे खुंट. प्राजक्त मागे विहिरीपलीकडे, शेजारच्या काकू वेचायला येणार आहेत. सुरंगीचं बी मात्र मला हवंय, परसाच्या कोपऱ्यात नक्की लावणार. आता लावायचं कसं ते कोणीतरी नीट सांगा. बाबा म्हणतात मिरगात खड्डा खणून लावून टाकू.

गडग्याकाठी

बाबांना सांगा, खड्डे मिरगात नव्हे, आत्ता एप्रिलमध्ये. उन्हात खड्डा उघडा तापला की किडी-बुरशी मरतात. बकुळीला निदान दोन-दोन फूट लांब-रुंद-खोल. भरावाची जागा असल्याने खणायला सोपं जाईल. दुसरीकडे कातळ लागला तर पहारीने फोडून तीन-तीन फूट करून घ्या. कातळातला अरुंद खड्डा पावसात हौदासारखा भरतो आणि मुळं कुजतात. म्हणून खणून झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघायचं. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर उताराच्या बाजूला चर मारून वाट काढून द्यायची.

भरताना वरची तांबडी माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, वाळवी हमखास लागते. तळाशी आणि कडेने नारळाची सोडणं उलटी-सुलटी रचून ठेवा. ती पावसाचं पाणी पितात आणि दिवाळीनंतर हळूहळू सोडतात. आपल्याकडे जुने लोक माडाच्या आळ्यात हेच करतात, बकुळीलाही चालतं.

बकुळ, प्राजक्त, सुरंगी मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस होऊन माती थंडावली की लावायची. मुळांभोवतीचा मातीचा हुंडा जमिनीच्या थोडा वर राहील असा, म्हणजे भर खचल्यावर बुंधा खड्ड्यात जात नाही. रोपाला बांबूचा आधार, पण समुद्राच्या बाजूला रोवलेला आणि सुंभाने सैल बांधलेला. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पश्चिमेने झावळीचा आडोसा. मचूळ पाणी मोठ्या झाडाला चालेल, कोवळ्या रोपाला नको. त्यासाठी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरा आणि नळाचं गोडं पाणी त्यात भरा. दिवसाआड एक मडकं पुरतं.

देवचाफ्याचं वेगळं. तो मिरगात लावला तर सततच्या पावसात फांदी कुजते, मुळं फुटायच्या आधीच. फांदी आत्ता घ्या. दीड-दोन फूट लांब, राखाडी सालीची, जून. पानं काढून टाका, सावलीत आठवडाभर उभी करून ठेवा म्हणजे चीक सुकून टोकाला खपली धरेल. मग वाळूमिश्रित मातीत चार-सहा इंच खोल रोवा, पाणी अगदी बेताने. पावसाआधी पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं. जागेवर लावायची भीती वाटत असेल तर एका मोठ्या डब्यात लावून पावसाळाभर पागोळीच्या आत ठेवा आणि दसऱ्यानंतर अंगणात उतरवा. तुमच्याकडचा वारा बघता मी डब्याचाच मार्ग धरेन.

भेंडाचे खुंट मात्र खुशाल जूनच्या पहिल्या पावसात पुरा.

रानफुलं

बकुळीचं रोप दापोलीला कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत विचारून बघा, तुम्हाला जवळ आहे. घेताना बुंध्याशी मुळं पिशवीत गुंडाळलेली नाहीत ना ते पाहा, आणि फार उंच रोपापेक्षा जाड बुंध्याचं बुटकं रोप घ्या. वाऱ्याच्या जागी तेच टिकतं.

खळ्यातलो

सुरंगीचा बी मे महिन्यात तयार होता. ताजाच पेरूचा लागता, सुकला की रुजणा नाय. मी ओल्या भुशात गुंडाळून पाठवतंय. कुरियर दापोलीपर्यंत दोन दिवसांत जाता ना, तेवढा बघून सांगा.